गाडीच्या पोटाखाली

सर्व्हिसिंगहून आलेली गाडी दुसऱ्याच दिवशी ताशी ७० किलोमीटरच्या वर गेली की पोटाखालून फडफडू लागली, आणि वर्कशॉपला फोन केला तेव्हा ‘रस्त्याचा आवाज असेल, सर’ असे उत्तर मिळाले. रस्ता गेली कित्येक वर्षे तोच आहे आणि तो आजवर कधीही फडफडलेला नाही.

शेवटी आज सकाळी सपाट जागा पाहून, हँडब्रेक ओढून, इंजिन थंड असल्याची खात्री करून मी जुनी चादर अंथरली आणि बंपरसमोर आडवा झालो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये एवढी अक्कल मला आहे; त्यामुळे न उचललेल्या गाडीखाली जेमतेम डोके आणि एक हात एवढाच माझा ऐवज जाऊ शकला. इंजिनाखाली काळ्या प्लॅस्टिकचे जे आवरण असते, ते माझ्या गाडीत ऑइल बदलताना काढावे लागते आणि काम झाल्यावर पुन्हा बसवावे लागते. यातला दुसरा भाग ऐच्छिक असावा.

कडेवरून बोट फिरवत असतानाच माझ्या कानाशी दोन पांढरे कॅनव्हासचे बूट येऊन थांबले.

“काही हरवलंय का?” बुटांनी विचारले.

“नाही. खालचं कव्हर नीट बसवलंय का, ते बघतोय. आवाज येतो.”

“मांजर असेल.”

“मांजर फडफडत नाही हो.”

“घाबरलं की फडफडतं.” थोडा वेळ विचार करून बूट म्हणाले, “सर्व्हिसिंग झाल्यावर कागदावर सही केलीत ना?”

“केली.”

“मग आता कशाला बघताय? बघायचं ते सहीच्या आधी. सही केली की आवाज तुमचा.”

हे इतके खरे होते की मला राग आला. त्यांनी आपण होऊन मोबाइलचा टॉर्च लावला आणि अत्यंत आपुलकीने माझ्या डोळ्यांवर धरला. ‘जरा डावीकडे’ म्हटल्यावर ते स्वतः डावीकडे सरकले. टॉर्च डोळ्यांवरच राहिला. आपण उपड्या झुरळासारखे पडलेलो असताना उभ्या माणसाशी वाद घालता येत नाही, हा अनुभव ज्यांना नाही त्यांनी तो मुद्दाम घेऊ नये.

त्या उसन्या उजेडात जे दिसले ते असे की, पुढच्या कडेला क्लिपांसाठी पाच भोके होती, त्यांतली दोन रिकामी होती आणि मागचा एक बोल्ट पान्याशिवाय, नुसत्या चिमटीत फिरत होता. क्लिप तशी क्षुल्लक वस्तू: मधली खुंटी दाबली की तिचे पाय आत फाकतात आणि आवरण धरून ठेवतात. पण पुढची कड मोकळी राहिली की वारा तिथून शिरतो, आणि वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. म्हणजे गल्लीत गुमान राहणारे आवरण हमरस्त्यावर खाली लोंबून घासू लागते, तुटते, एखादे वेळी मागून येणाऱ्याच्या पुढ्यात जाऊन पडते. आणि वर्कशॉपच्या कागदावर मात्र प्रत्येक चौकटीत बरोबरची खूण आहे. खुणा एकाच झटक्यात, वरून खाली, जिन्यावरून घसरल्यासारख्या केलेल्या आहेत. खालून बघायला त्यांच्याकडे लिफ्ट आहे. माझ्याकडे चादर आहे. कामाचे पैसे मी दिले, तपासणीही मीच करतो आहे, आणि फोनवर पुन्हा मलाच समजावले जाते आहे, याचा विनोद करण्याचा प्रयत्न मी सकाळपासून करतो आहे; तो फारसा जमलेला नाही.

बोल्ट पान्याने आवळून मी बाहेर सरपटलो. शर्टावर ऑइलचा बोटभर पट्टा उमटला होता. गृहस्थ तोवर काचेला नाक लावून गाडीत डोकावत होते.

“अहो, कप ठेवायच्या खळग्यात ही दोन काळी बटणं कशाला ठेवलीत?”

ती मी ठेवलेली नव्हती. दोन्ही क्लिपा तिथे अगदी शेजारी शेजारी, जपून ठेवल्यासारख्या पडलेल्या होत्या.

“म्हणजे हरवलं होतंच की,” असे म्हणून त्यांनी टॉर्च बंद केला.