‘रन’चे 645 अर्थ: आकडा खरा, निष्कर्ष चुकीचे

‘रन या एका इंग्रजी शब्दाला 645 अर्थ आहेत. त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, म्हणून ते पाठच करावे लागतात. मराठीत असा शब्द नाही.’ असा फॉरवर्ड गटागटांतून फिरतो आहे. दहावी-बारावीची मुलं तो वाचून धास्तावतात, म्हणून एकेक दावा तपासू.

आकडा हवेतला नाही. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाची नोंद सर्वांत मोठी होती, सुमारे 430 अर्थांची. पुढे सुधारित नोंदींत ‘मेक’, मग ‘पुट’ आणि 2011 मध्ये ‘रन’ पुढे गेलं. पीटर गिलिव्हर या संपादकांनी त्या एका नोंदीवर नऊ महिने काम केलं, तेव्हा 645 हा आकडा आला. पण तो फक्त क्रियापदाचा आहे. क्रिकेटमधली ‘रन’ हे नाम, त्याची नोंद वेगळी. फॉरवर्डमधल्या यादीत दोन्हींची सरमिसळ आहे.

शिवाय हा ऐतिहासिक कोश आहे. शेकडो वर्षांपूर्वी वापरातून गेलेले अर्थही त्यात राहतात. कर्म घेणारा आणि न घेणारा वापर वेगळा मोजला जातो. ‘रन आउट’, ‘रन ओव्हर’, ‘रन इन्टू’ अशी जोडरूपंही त्याच नोंदीत येतात. विद्यार्थ्यांसाठीच्या कोशात याच क्रियापदाचे अर्थ याच्या तुलनेत मोजकेच असतात, आणि परीक्षेपुरते तेवढे पुरतात.

‘अर्थांचा एकमेकांशी संबंध नाही’ हे तर साफ चूक. चेंडू फटकावायची बॅट आणि वटवाघूळ या अर्थाची बॅट हे खरोखर दोन वेगळे शब्द आहेत. दोघांची व्युत्पत्ती वेगळी, म्हणून कोशात नोंदीही दोन. ‘रन’चं तसं नाही. मुळात पायांनी धावणं. मग पाणी वाहणं, नाक वाहणं, धुताना कपड्याचा रंग जाणं. वाहण्याची कल्पना या सगळ्यांत आहे. यंत्रं आली तशी इंजिन चालू लागलं, पुढे दुकान चालवणं, आज संगणकावर प्रोग्राम चालवणं. एका अर्थातून दुसरा फुटत गेला आहे.

आणि मराठीत असा शब्द नाही? ‘लागणे’ घ्या. भूक लागते, ठेच लागते, झाडाला आंबे लागतात, नोकरी लागते, निकाल लागतो, दार लागतं, दूध पातेल्याला लागतं, पोराला मोबाइलचा नाद लागतो, ती माझी मावशी लागते. ‘गाडी लागली’ म्हणजे गाडी फलाटावर आली, किंवा घाटात कुणाला मळमळू लागलं. कोणतं ते पुढच्या वाक्यावरून कळतं. ‘रडू लागला’ आणि ‘जावं लागलं’ यांत तर हे क्रियापद व्याकरणाचं काम करतं. यातलं काहीच आपण यादी करून पाठ केलेलं नाही.

‘रन’ही तसंच वापरातून शिकता येतं. वाक्य समोर आलं की आधी कर्ता पाहा: माणूस, पाणी, यंत्र की रस्ता? मग कर्म आहे का ते पाहा. ‘शी रन्स एव्हरी मॉर्निंग’मध्ये कर्म नाही, म्हणून ती धावते, ‘शी रन्स अ शॉप’मध्ये दुकान हे कर्म आहे, म्हणून ती चालवते. शेवटी मागून येणारा छोटा शब्द पाहा. बहुतेक चुका इथेच होतात, कारण ‘रन आउट ऑफ शुगर’मधला एकेक शब्द सुटा करून भाषांतर केलं, तर साखर संपल्याचं कळतच नाही. असे तुकडे अख्खे लिहून ठेवा, प्रत्येकाखाली स्वतःचं एक वाक्य, आणि शेजारी नेमकं मराठी क्रियापद: वाहणे, चालवणे, संपणे, जाणे. वहीत ‘रन म्हणजे धावणे’ एवढंच लिहिलेलं असलं, की ‘द कलर रॅन’चं ‘रंग धावला’ होतं.