मदतीला धावणाऱ्यांची विचारपूस कोण करणार?

जून २०२३ मध्ये ओडिशातील बालासोरजवळ झालेल्या रेल्वे अपघातानंतर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे तत्कालीन महासंचालक अतुल करवाल जाहीरपणे म्हणाले होते की, त्यांच्या एका जवानाला पाणी पाहिले की रक्त दिसते आणि दुसऱ्याची भूकच गेली आहे. जवानांसाठी समुपदेशन सुरू असल्याचेही त्यांनी सांगितले. दलाचा प्रमुखच असे बोलतो, तेव्हा खालच्या जवानाला ‘मला झोप लागत नाही’ हे सांगणे थोडे तरी सोपे होत असावे.

त्यानंतर दीड महिन्याने, १९ जुलैच्या रात्री, रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर गाडीरस्ता नसल्याने जवान, अग्निशमन कर्मचारी आणि परिसरातील गिर्यारोहक कुदळ-फावड्यांनी माती उपसत राहिले. चढण चढताना नवी मुंबई अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. शोधकार्य थांबवले गेले तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती. तो निर्णय योग्यच असेल, पण इतकी माणसे ढिगाऱ्याखाली आहेत हे ठाऊक असताना डोंगर उतरणाऱ्याच्या मनात जो सल राहतो, त्याची दखल आपण घेत नाही.

जवानाच्या पाठीशी निदान त्याची बटालियन असते. हौशी गिर्यारोहक मात्र दोन दिवसांनी आपल्या कामावर हजर होतो. राज्यात २०१४ पासून सुरू असलेल्या १०८ रुग्णवाहिकेवरच्या डॉक्टरला आणि चालकाला तर एक रुग्ण दाखल करून झाला, की पुढचा कॉल घ्यावाच लागतो.

यावर उपाय म्हणून सर्वांना सभागृहात बसवून एक व्याख्यान देण्याची आपल्याकडे हौस आहे (फोटोही चांगले येतात). परंतु घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सर्वांकडून सगळे वदवून घेण्याची पद्धत उपयोगी ठरत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांतही नमूद आहे. आधी विश्रांती आणि झोप, मग प्रशिक्षित सहकाऱ्याने काही आठवडे ठेवलेले लक्ष, आणि त्रास टिकून राहिला तर समुपदेशक किंवा मनोविकारतज्ज्ञ, असा क्रम हवा. शिवाय त्याची नोंद बढतीच्या आड येणार नाही, हे लेखी हवे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची १४४१६ ही सेवा चोवीस तास उपलब्ध आहे, मात्र दुसऱ्यांना आधार देण्याची सवय जडलेला माणूस स्वतःसाठी फोन सहसा करत नाही. म्हणून फोन यंत्रणेनेच करावा. त्यासाठी जिल्हा प्रशासनाने दुर्घटनास्थळी काम करणाऱ्या प्रत्येकाचे, स्वयंसेवकांचेसुद्धा, नाव आणि क्रमांक टिपून ठेवावा आणि महिन्याभराने त्या यादीतील प्रत्येकाला फोन करणे आपत्ती व्यवस्थापन आराखड्यातच बंधनकारक करावे.