पन्नास गरीब मुलं हवी आहेत

समाजसेवेची सुरुवात फोनपासून करावी. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एखाद्या गुरुजींचा नंबर मिळवा आणि आडपडदा न ठेवता विचारा, "सर, तुमच्याकडे गरीब मुलं आहेत ना? आम्हाला पन्नास हवीत." शाळेचा पट ८३ आहे, असं ते चाचरत सांगतील. हरकत नाही. उरलेल्या ३३ जणांना बिस्किटाचा पुडा. दप्तर कुणाला आणि पुडा कुणाला, हे गुरुजींनाच ठरवू द्या. वर्षभर त्या पालकांना तोंड त्यांनाच द्यायचंय. तुम्ही संध्याकाळी घरी असाल.

गाव निवडायला फार डोकं लागत नाही. जव्हार-मोखाड्याकडे जा. १९९२ साली वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंमुळे हा भाग साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाला, त्यामुळे देणगीदारांना समजावत बसावं लागत नाही. शाळा मात्र डांबरी रस्त्यालगतचीच घ्या. बस वळायला जागा हवी आणि परतताना दाभोसा धबधबाही उरकायचा असतो. अशा शाळेत तुमच्याआधी दोन मंडळं येऊन गेलेली असतील. मुलं जुनी दप्तरं घरी ठेवून मोकळ्या हातांनी येतील. एवढं शिक्षण त्यांना मिळालेलं असतं. दरीत उतरून तासभर चालावं लागतं, त्या पाड्यावर जाऊ नका. तिथे बॅनर बांधायला धड खांब नसतो.

आता तारीख. शाळा जूनच्या मध्याला उघडते आणि वह्या त्याच आठवड्यात लागतात. म्हणून वाटप १५ ऑगस्टला ठेवा. सगळ्यांना सुट्टी, डोंगर हिरवेगार. तोवर आयांनी लावणीच्या मजुरीतून बाजारच्या दिवशी वह्या घेतलेल्याही असतील, पण दिलेली वस्तू वाया जाते असं मानणारे लोक समाजसेवेत टिकत नाहीत.

खरेदी घाऊक आणि एकसारखी करा. सगळ्यांना दोनशे पानी एकरेघी वही. पहिली-दुसरीला अक्षर गिरवायला दुरेघी, गणिताला चौकटीची आणि इंग्रजीला चाररेघी वही लागते, असं सांगणारा एक जण प्रत्येक मंडळात असतो. त्याला पार्किंगची जबाबदारी द्या. कंपासपेटीही सर्वांना. पहिलीतल्या पोराच्या हाती कर्कटक दिल्यावर काय होतं, ते शेजारी बसणाऱ्याला लगेच कळतं. पाठ्यपुस्तकं आठवीपर्यंत सरकार फुकट देतं आणि गाडं अडतं ते आठवीनंतर, पण नववीतली मुलं फोटोत फार मोठी दिसतात.

बुटांबाबत एकच सूचना: मापं मागवू नका. मापं घ्यायची म्हणजे प्रत्येक पोराला कोऱ्या कागदावर उभं करायचं, पावलाभोवती पेन्सिल फिरवायची, टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत मोजायचं, वर बोटभर वाढ धरायची आणि कागदावर नाव लिहायचं. सकाळ जाते. त्यापेक्षा अंदाजाने पाच-सहा नंबर आणा. पहिल्या रांगेला बूट बसतात, मधलीला चावतात आणि शेवटच्या रांगेतली मुलं थोरल्या भावाचे नंबर घेऊन खुशीत घरी जातात. थोरला भाऊ तर केव्हाच वीटभट्टीवर गेलेला असतो.

वीटभट्टीवरून आठवलं, ब्लँकेट. ती डिसेंबर-जानेवारीतच वाटायची. दिवाळी झाली की या भागातली कितीतरी कुटुंबं उचल घेऊन भिवंडी-वसईकडच्या भट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. लहान पोरंही सोबतच. त्यामुळे पाड्यावर तुम्हाला म्हातारी माणसं भेटतील आणि एकेकाला तीन-तीन ब्लँकेटं देता येतील. ज्यांच्यासाठी वर्गणी काढली ती पोरं, तुमची बस भिवंडी-वाडा रस्त्याने आली असेल तर, तुम्हाला खिडकीतून दिसलीही असतील. भट्टीशेजारच्या झोपडीत थंडी कमी लागते म्हणे. तिथे थांबू नका. भट्टीमालकाची परवानगी काढणं वगैरे नसत्या कटकटी होतात.

डोंगर चढायचा कंटाळा असेल तर शहरातलं बालगृह गाठा. वाढदिवस तिथेच साजरा करावा, तोही रविवारी. त्या दिवशीचा तुमचा तिसरा केक असेल, तरी मुलं स्वागतगीत त्याच सुरात म्हणतील. केक कापून झाल्यावर एखाद्या मुलीला जवळ घेऊन मायेने विचारा, "बाळा, तुझे आईबाबा कुठे असतात?" बऱ्याच जणांची आई किंवा वडील हयात असतात, पण पोसण्याची ऐपत नसते. हे ते मूल तुम्हाला सगळ्यांदेखत सांगेल. मग डोळे पुसा. मंगळवारी संध्याकाळी त्याच मुलीला अपूर्णांक शिकवायला कुणी हवं आहे का, असं अधीक्षिका विचारतील. तेव्हा ट्रॅफिकचा विषय काढावा.

फोटोवर बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ चं सावट आहे. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड केली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. उपाय सोपा आहे. डोळ्यांवर काळी पट्टी टाका आणि खाली मुलाचं नाव, संस्थेचं नाव, गाव आणि "वडिलांनी आत्महत्या केल्यामुळे" हे ठळक टाईपात द्या.

एका मोहापासून मात्र तुम्हाला वाचवायलाच हवं. पाड्यावर कुणी कार्यकर्ती हळूच म्हणेल, "दप्तर राहू द्या, या बाईचा बालसंगोपनचा अर्ज भरून द्याल का?" सावध व्हा. एक पालक गमावलेल्या मुलाला सरकारच्या या योजनेत महिन्याला २,२५० रुपये, म्हणजे वर्षाला २७,००० मिळू शकतात. एवढ्यात किती दप्तरं येतील याचा हिशोब करत बसू नका. अर्जाला बापाचा मृत्यू दाखला लागतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. बाप भट्टीवर वारला असेल तर नोंद त्या गावच्या ग्रामपंचायतीत, म्हणजे आधी तिकडे खेटे. मग तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक. शाळेत नाव 'सुनील', आधारवर 'सुनिल'. पाच वर्षांचा झाल्यावर बोटांचे ठसे द्यायचे राहिलेले, म्हणून आधार अडकलेलं. हे सगळं जमलं की गृहचौकशी, मग बालकल्याण समितीपुढे हजेरी. तिथे जायचं तर त्या बाईचा दिवसाचा रोज बुडतो, वर एसटीचं भाडं. एवढं करून पैसे दरमहा वेळेवर येतीलच असं नाही, पुन्हा पाठपुरावा. या सबंध प्रकारात फीत कापायला एकही जागा नाही, आणि तहसील कार्यालयाच्या रांगेत उभ्या असलेल्या स्वयंसेवकाचा फोटो कुठलं वर्तमानपत्र छापणार?

जुने कपडे जमवताना न धुता स्वीकारा. चणियाचोळी, सूट, एका पायाचा मोजा, सगळं चालतं.

राहिला अहवाल. एका मुलाला दप्तर, वही, कंपास आणि बिस्किटं दिली, तर लाभार्थी चार धरावेत. घरात पाच माणसं असतील तर "प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष" हा शब्द कामी येतो; पन्नास मुलांच्या कार्यक्रमातून हजारभर लाभार्थी काढणं हे कंपन्यांकडून मिळणाऱ्या पुढच्या वर्षीच्या सीएसआर निधीसाठी आवश्यक कौशल्य आहे. रोख देणगी २,००० च्या वर घेऊ नका, ८०जी खाली आयकरात सूट मिळत नाही आणि देणगीदार चिडतात. मुख्याध्यापकांचं आभारपत्र घरूनच टाईप करून न्या, तारखेची जागा तेवढी मोकळी ठेवा. शिक्का त्यांच्या टेबलाच्या उजव्या खणात असतो.