गूगल फॉर्म भरा, तरुणाई वाचवा

प्रोजेक्टचं सबमिशन सोमवारी आणि आज शुक्रवार? मग डोळे मिटून हाच विषय घ्या: ‘समाजमाध्यमे, तरुणांचे मानसिक स्वास्थ्य आणि सामाजिक न्याय’. एवढं वजनदार शीर्षक पाहिलं की गाइड आतली पानं उलटत नाहीत.

फॉर्म वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, खाली लिहा, ‘भरा ना यार, तुमचाही भरते.’ रात्रीपर्यंत पार्ले ते दादर पट्ट्यातली साठेक पोरं ‘मुंबईची तरुणाई’ म्हणून गोळा होतात. निम्म्यांनी तो रील बघता बघता भरलेला असतो, पण ते पद्धतीच्या प्रकरणात लिहायचं नसतं.

सामाजिक न्यायासाठी गोवंडी हवीच. हार्बर लाइन पकडायचं कारण नाही. महापालिकेच्या 2009 च्या मानव विकास अहवालात गोवंडीचा एम पूर्व विभाग तळाला होता, हे वाक्य प्रस्तावनेत घाला आणि देवनार डम्पिंगचा फोटो नेटवरून उचला. प्रत्यक्ष गेलात तर पंचाईत. तिथली एखादी मुलगी सांगेल की घरातला एकुलता एक फोन दादाकडे असतो, तो रिक्षा लावून आला की अर्धा तास मिळतो, तोही त्याच्यासमोर. तुमच्या फॉर्मात ‘दोन तासांपेक्षा कमी’ असा पर्याय आहे. तो टिकवा, म्हणजे ती आकडेवारीत सर्वांत निरोगी ठरेल. (फॉर्म इंग्रजीत आहे, म्हणून ती तसंही भरणार नाही.)

जास्त वाचू नका. 2019 साली ऑर्बेन आणि प्रिझिबिल्स्की या दोघा संशोधकांनी साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीनांची माहिती चाळली. त्यांच्या स्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्यातला फार तर 0.4 टक्के डिजिटल वापराशी जोडता येतो, असं निघालं. असलं काही वाचलं की निष्कर्ष पुन्हा लिहावा लागतो, आणि तुमचा तर आधीच टाइप झालाय: रील्समुळे नैराश्य. शिफारस नेहमीचीच, शासनाने जनजागृती करावी.

प्रश्नावली स्वतः बनवत बसू नका, नैराश्य मोजायची पीएचक्यू-9 आयती मिळते. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. कुणीतरी तिथे ‘जवळजवळ रोज’वर टिक केलेली असेल. दचकू नका, सरासरी काढा. साठ जणांत एकाचे तीन गुण दिसतही नाहीत. फॉर्मच्या शेवटी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर द्यायला एक ओळ पुरली असती. चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत. पण फॉर्म लांबला की लोक भरत नाहीत.

व्हायवाला एखादे खडूस परीक्षक विचारतीलच, ‘ही टिक करणाऱ्याचं पुढे काय झालं?’ मान ताठ ठेवून सांगा, ‘सर, फॉर्म निनावी होता.’ संशोधन-नीतीचे पाचपैकी पाच.