प्रत्येक गोष्टीला उपयोग असायलाच हवा का?

उत्क्रांतीवरचा तुमचा लेख छान जमलाय, पण त्यातलं ‘सजीवांतलं प्रत्येक वैशिष्ट्य उपयोगी असतं, म्हणूनच टिकतं’ हे वाक्य काही पटलं नाही. निव्वळ नशिबानं टिकलेलंही पुष्कळ असतं की!

जनुकशास्त्रज्ञ पीटर ब्युरी यांचा १९५६ चा फळमाश्यांवरचा प्रयोग बघा. १०७ वेगवेगळे गट, प्रत्येकात ८ नर, ८ माद्या. प्रत्येक माशीत डोळ्यांच्या रंगाच्या एका जनुकाची दोन रूपं, एकेक प्रत. म्हणजे सुरुवात अगदी निम्मी-निम्मी. मग दर पिढीला नव्या माश्यांतून निवड न करता, हाताला येतील तशा ८ नर, ८ माद्या उचलायच्या, की पुढची पिढी सुरू. मोजणीची गंमत म्हणजे नुसते डोळे बघायचे: एकच रूप असेल तर लालभडक किंवा पांढरे, दोन्ही असतील तर फिकट नारिंगी.

१९ पिढ्यांनंतर ३० गटांतून एक रूप पार गायब, आणि २८ गटांत तेच रूप उरलं, दुसरं गायब! बाकीचे गट अजून अधांतरी. कोण सरस, कोण कमअस्सल हा प्रश्नच नव्हता. १६ माश्यांच्या चिठ्ठ्या उचलल्या, एवढंच. १६ ऐवजी १६ हजार असत्या तर एवढ्या पिढ्यांत फारसं काही हललं नसतं.

‘निसर्गानं निवडलं’ म्हणण्याआधी गट केवढा होता, हे विचारायला हवं. (परीक्षेत मीही सगळं डार्विनच्याच खात्यावर टाकायचो!) जपानी जनुकशास्त्रज्ञ मोटू किमुरांनी १९६८ मध्ये रेणूंच्या (डीएनए, प्रथिनं) पातळीवर हाच मुद्दा लावून धरला होता. त्यांच्यावर पुढचा लेख येऊ द्या.