माल्टाची 'तीन विमानं': खुलासा

'फेथ, होप आणि चॅरिटी या तीनच बायप्लेननी (एकावर एक दोन पंख असलेल्या विमानांनी) माल्टा वाचवलं' असा मेसेज फिरतोय. माल्टा म्हणजे भूमध्य समुद्रातलं बेट, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या ताब्यात होतं. तो अर्धवट खरा आहे.

११ जून १९४० रोजी इटलीचा पहिला हल्ला झाला, तेव्हा ही बायप्लेन, म्हणजे ग्लॉस्टर सी ग्लॅडिएटर लढाऊ विमानं, खरोखरच झुंजली. पण माल्टावरच्या कालाफ्राना तळावर खोक्यांत ठेवलेल्या सुट्या भागांतून तीनपेक्षा जास्त विमानं जोडली गेली होती. नोंदींतल्या विमानांच्या क्रमांकांवरूनच ते कळतं. एकाचे भाग दुसऱ्याला लावावे लागत, त्यामुळे एका वेळी मोजकीच उडत. जूनअखेर हरिकेन ही नवी लढाऊ विमानं आली, २ ऑगस्टला आणखी १२. 'फेथ, होप, चॅरिटी' ही नावं नंतर पडली. शत्रूचा माल्टाला पडलेला वेढा तर १९४२ पर्यंत चालला. जमिनीवरच्या मेकॅनिकांचं श्रेय पुसणारा हा मेसेज कृपया पुढे पाठवू नका.