ओल आणि उधारी

डोंबिवलीतील आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, न्हाणीघराच्या भिंतीत १९८९ साली बुजवलेला जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा, पाइप आतून गंजत किती पातळ झाला आहे, ही वार्ता आम्हाला सर्वांत शेवटी लागली. आमच्या आधी ती खालच्या मजल्यावरील काकांच्या छताला कळली होती. काका निवृत्त हिशेबनीस असल्यामुळे त्यांनी तक्रार केली नाही, हिशेब सादर केला. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब, म्हणजे चार लिटरांहून अधिक पाणी, आणि तेही आमच्या पाणीपट्टीचे, हे त्यांनी मला दारातच समजावून सांगितले.

प्लंबरने भिंतीवर बोटांनी टकटक केले आणि त्याच्या व्यवसायाचा आद्य प्रश्न विचारला, ‘आधीचे काम कोणी केले?’ मग सुतळी आणि सफेदा लावून सांधे जोडणाऱ्या त्या अज्ञात पूर्वजाचा उद्धार करून त्याने जीआय काढून सीपीव्हीसीचा प्लास्टिक पाइप टाकणे, नहाणी ट्रॅप, म्हणजे सांडपाण्याच्या जाळीखालचे भांडे, बदलणे, कोबा फोडून वॉटरप्रूफिंग करणे असा एकंदर ५८,००० रुपयांचा अंदाज दिला. लाद्या वेगळ्या.

आमच्याकडे शिलकीत ११,००० होते. म्हणून मी प्रथम सोसायटीच्या सचिवांकडे गेलो. त्यांनी उपविधींचे पुस्तक काढून, बाहेरच्या सामाईक नळांची दुरुस्ती संस्थेची आणि सदनिकेच्या आतली सदस्याची, हे वाचून दाखवले. ‘तुमचा पाइप भिंतीच्या बाहेरच्या अंगाने फुटला असता, तर आम्ही आनंदाने केले असते,’ असे ते इतक्या कळवळ्याने म्हणाले, की चुकीच्या बाजूने फुटल्याबद्दल मलाच ओशाळल्यासारखे झाले. पतसंस्थेने दोन जामीनदार मागितले. मेहुण्याने मी रकमेचा आकडा उच्चारण्याआधीच स्वतःच्या गच्चीच्या गळतीचे असे हृदयद्रावक वर्णन केले, की त्याला काही मदत करता येईल का, असे विचारूनच मी परतलो.

उरली सौभाग्यवतींची भिशी. बारा जणींचे प्रत्येकी २,००० म्हणजे २४,००० रुपये, आणि चिठ्ठी न काढता या महिन्याची रक्कम आम्हाला मिळावी, एवढीच विनंती होती. त्यावर सर्वजणींनी गळती प्रत्यक्ष पाहण्याचे ठरवले. मुख्य कॉक बंद असल्याने पाणी शेजारून आणून, अकरा जणींसाठी पोहे आणि चहा झाला. प्रत्येकीने न्हाणीघरात डोकावून ‘अगं बाई’ म्हटले, आणि त्यानंतर, नियम तो नियम, या न्यायाने चिठ्ठी काढण्यात आली. ती दुसऱ्याच वहिनींची निघाली. पोह्यांचा खर्च वजा जाता आमची शिल्लक १०,४०० झाली.

त्या रात्री काका वर आले. त्यांच्या हातात ४८,००० रुपयांचा धनादेश आणि हप्त्यांचा आखीव तक्ता होता. ‘तुमचे पैसे जमेपर्यंत माझे छत थांबणार नाही,’ ते म्हणाले. व्याजाबद्दल विचारताच त्यांनी मान हलवली. ‘व्याज नको. फक्त पाहणीचा हक्क हवा.’

आता दर महिन्याच्या पाच तारखेला काका येतात, पायातील चपला काढतात, हप्ता मोजून घेतात आणि मग न्हाणीघरात जाऊन नव्या लाद्यांवर हाताचा तळवा टेकवून बराच वेळ उकिडवे बसतात. घरातील कोणालाही त्या दिवशी त्यांच्या येण्यापूर्वी अंघोळ करता येत नाही.